सामायिक लायब्ररी : एका आकड्याचे वचन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संतसाहित्य आणि नाट्यसंगीत यांच्या पंक्तीला संगणकाच्या पोटातील एक रुक्ष विषय मांडण्याची अनुज्ञा आपण दिलीत, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. विषय रुक्ष असला तरी परका मात्र नाही. आपल्या स्मरणिकेची अक्षरजुळणी कचेरीतील ज्या संगणकावर चालू आहे, त्यावर डेबियन ही लिनक्स कुळातील मुक्तस्रोत प्रणाली आहे. तेथे लिब्रेऑफिसमध्ये आपण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द टंकतो. पहिल्यात ‘र’चा रफार होऊन तो ‘य’च्या डोक्यावर चढतो, दुसऱ्यात तोच ‘र’ आडवा होऊन ‘य’ला बिलगतो. समुद्र आणि डोंगरातील खिंडी यांतला हा भेद कागदावर उतरवण्याचे काम लिब्रेऑफिस स्वतः करीत नाही. ते हार्फबझ नावाच्या एका वेगळ्या संचिकेवर, म्हणजेच फाइलवर, सोपवलेले असते. नाव फारसी आहे. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाझ’ म्हणजे खुले. पडद्यावरील इतरही अनेक आज्ञावल्या आपली अक्षरे याच संचिकेकडून जुळवून घेतात.

अनेकांनी मिळून वापरायच्या अशा संचिकेस सामायिक लायब्ररी म्हणतात. ग्रंथालयात मोल्सवर्थचा कोश एकच असतो. लेख लिहिणारा प्रत्येक सभासद काही तो आपल्या लेखाला शिवून आणीत नाही. ही उपमा फार ताणू नये, कारण छापलेला कोश बदलत नाही आणि लायब्ररी सतत बदलत असते. सारी अडचण तेथूनच सुरू होते.

प्रत्येक आज्ञावलीत तिला लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या नावांची यादी कोरलेली असते. आज्ञावली सुरू होताच ‘लोडर’ नावाचा एक कारभारी ती यादी वाचतो, ठरलेल्या जागा धुंडाळतो आणि सापडलेली लायब्ररी जोडून देतो. दहा आज्ञावल्यांनी तीच लायब्ररी मागितली तरी तिच्यातील सूचनांचा भाग स्मृतीत एकदाच येतो. यादीतले एक जरी नाव मिळाले नाही, तर ‘अशी संचिका नाही’ असा त्रोटक निरोप पडद्यावर उमटतो आणि आज्ञावली उघडतच नाही.

या नावाच्या शेवटी एक आकडा असतो. हार्फबझचे नाव शून्यावर संपते. लिनक्सवर बहुतेक साऱ्या आज्ञावल्या जिच्यावर उभ्या असतात त्या सी लायब्ररीचे सहावर. हा आकडा आवृत्तीचा नव्हे. तो वचनाचा आहे. तो तोच आहे तोवर जुनी आज्ञावली नव्या लायब्ररीवर चालेल, अशी लायब्ररीकर्त्याने दिलेली ती ग्वाही असते. ग्वाही मोडणे अपरिहार्य झाले, तर आकडा वाढवावा आणि जुनी व नवी अशा दोन्ही लायब्रऱ्या शेजारी शेजारी नांदू द्याव्यात, असा संकेत आहे. ग्नू सी लायब्ररीने १९९७ साली लिनक्सवर सहा हा आकडा धारण केला, तो आजही बदललेला नाही. जिथे दर दोन वर्षांनी सारे नवे घ्यावे लागते त्या व्यवसायात ही निष्ठा मला थोर वाटते.

तो त्रोटक निरोप मिळाला की उतावळा मनुष्य काय करतो? आज्ञावली पाच क्रमांकाची लायब्ररी मागते, घरात सहा क्रमांकाची आहे; मग सहालाच पाच म्हणवणारा एक दुवा तो करून टाकतो. दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लावण्याचाच हा प्रकार! कधी आज्ञावली कोसळते, ते एक वेळ बरे. कधी ती चालल्यासारखी दिसते आणि हिशेबात चुकीचे आकडे लिहून ठेवते. दुसरा उतावळेपणा म्हणजे वापरात असलेल्या लायब्ररीवरच नवी प्रत उतरवणे; त्याने चालू आज्ञावल्यांच्या पायाखालची जमीनच सरकते. डेबियनचा व्यवस्थापक असे करीत नाही. तो नवी संचिका बाजूला पूर्ण लिहून घेतो आणि मग एका झटक्यात नाव तिच्याकडे वळवतो. चालू असलेल्यांच्या हाती जुनी प्रत तशीच राहते.

म्हणून शक्यतो लायब्ररी ‘ॲप्ट’ या व्यवस्थापकाकडूनच मागवावी. तिला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्याही तो बरोबर आणतो. काय कमी आहे हे ‘एलडीडी’ ही आज्ञा सांगते, मात्र अनोळखी ठिकाणाहून आलेल्या आज्ञावलीवर ती चालवू नये, कारण तपासता तपासता तीच आज्ञावली सुरू होण्याचा संभव असतो. मूळ संहितेवरून स्वतः लायब्ररी बांधण्याची वेळ आलीच, तर ती प्रणालीच्या संचिकांत न मिसळता ‘लोकल’ या राखीव विभागात ठेवावी आणि ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा देऊन लोडरची नोंदवही ताजी करावी.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष जगजाहीर झाला. तिच्या आधारे चालणाऱ्या सेवांच्या स्मृतीतील गुपिते त्यातून बाहेर झिरपू शकत होती. ज्यांनी सामायिक प्रत वापरली होती त्यांनी एक लायब्ररी बदलली आणि तिच्यावरील साऱ्या आज्ञावल्या एकदम सुधारल्या. ज्यांनी आपापली प्रत पोटात शिवून ठेवली होती त्यांना एकेक आज्ञावली नव्याने मिळवावी लागली. मात्र मघाशी सांगितलेली सोय येथे उलटते. चालू सेवा जुनी, सदोष प्रतच धरून बसते. ती बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत दुरुस्ती केवळ तबकडीवरच राहते. किती जण नेमके हेच विसरतात!

दुसरी बाजूही आहे. मोझिलाचा फायरफॉक्स हार्फबझची स्वतःची प्रत बरोबर वागवतो. आपली अक्षरजुळणी दुसऱ्याच्या वेळापत्रकावर सोडू नये हा विचार काही अगदीच गैर नव्हे. शिवाय सामायिक वस्तू ज्याच्या हाती, त्याच्या हाती साऱ्यांच्या किल्ल्या.

मार्च २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. एक्सझेड या संक्षेपक लायब्ररीची निगा लासे कॉलिन हा गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने राखीत होता. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कोणी दोनेक वर्षे मदत करून विश्वास संपादन केला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. दूरस्थ प्रवेशाच्या सेवेला ही लायब्ररी थेट लागतही नव्हती. डेबियनसारख्या प्रणालींनी जोडलेल्या दुसऱ्या एका लायब्ररीच्या मागोमाग ती आत शिरत होती. आंद्रेस फ्रॉयंड या अभियंत्याला प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, तो मागे लागला आणि २९ मार्चला त्याने ते जगापुढे मांडले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो विषार पोहोचला नव्हता. चाचणीच्या शाखांत मात्र शिरला होता. तेथे मागे परतणे भाग होते. परंतु व्यवस्थापक लहान आकड्याला नवे मानीत नाही. तेव्हा ५.४.५ ही जुनी निर्दोष आवृत्ती त्यांनी ‘५.६.१ अधिक रीअली ५.४.५’ अशा नावाने पाठवली. रीअली, म्हणजे खरोखर, हा शब्द चक्क आवृत्तीच्या क्रमांकातच लिहून.