घरची काकवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशी मेपल झाडाचा ४० लिटर रस आटवावा, तेव्हा लिटरभर पाक होतो. आपला ऊस उदार. ५-६ लिटर रसात लिटरभर काकवी देतो.

रस ताजाच गाळून चुलीवर चढवावा. मी एकदा रात्रभर ठेवला. सकाळी आंबून सारा वाया गेला. भेंडीच्या खोडाचा चीक घालावा, वर येणारी मळी काढीत राहावे. निवलेल्या थेंबाला बोटांत मधासारखी तार आली की उतरवावे. अधिक आटवल्यास गूळ होतो. कोरड्या बरणीत भरावी.

जायकवाडीच्या पाण्यावरचा आपला ऊस कारखान्याला जातो. त्यातली एक मोळी घरासाठी मागून घ्या. लेकीसुनांना शिकवले नाही, तर काकवीचे नुसते नाव उरेल.