वलंदेजांचीं मागें राहिलेलीं नांवें



आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांना वलंदेज म्हटलें आहे आणि ज्यांची वखार वेंगुर्ल्यासही होती, त्या डच लोकांनीं अमेरिकेंत हडसन नदीच्या मुखाशीं न्यू आम्स्टरडॅम नांवाचें नगर वसविलें. १६६४ सालीं गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट यांना तें इंग्रजांच्या स्वाधीन करावें लागलें व त्याचें न्यूयॉर्क झालें. सत्ता जेमतेम चाळीस वर्षांची. परंतु तिनें दिलेलीं नांवें आजही नांदत आहेत.

हॉलंडांतील ब्रोकेलन गांवावरून ब्रुकलिन आलें, हारलेम शहरावरून हार्लेम. डच भाषेंत शेतवाडीस जो शब्द आहे, त्याचाच 'बावरी' हा रस्ता झाला. कारण तो स्टायव्हेसंट यांच्या शेतवाडीकडे जात असे. १६५३ सालीं इंग्रजांच्या भयानें नगराच्या उत्तरेस तट उभारला होता. तो केव्हांच पाडला गेला. पण वॉल स्ट्रीट हें नांव त्याची आठवण देत राहिलें आहे.

दंतकथांची गोष्ट मात्र निराळी आहे. वीस वर्षें झोपलेला रिप व्हॅन विंकल हा डच वसाहतीचा वारसा म्हणून ओळखला जातो. त्याची कथा वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांनीं १८१९ सालीं प्रसिद्ध केली. ते स्वतः डच वंशाचे नव्हते, आणि कथेचा गाभा एका जर्मन लोककथेंतला आहे. 'स्पायटन डायव्हिल' ह्या खाडीचें नांवही आयर्व्हिंग यांच्या पूर्वींचें. सैतानाला न जुमानतां ती पोहून जाईन, अशी शपथ घेऊन बुडालेल्या तुतारीवाल्याची गोष्ट त्यांनीं १८०९ सालच्या आपल्या विनोदी इतिहासांत सांगितली आणि लोकांनीं ती नांवाची व्युत्पत्ति म्हणून स्वीकारली. तात्पर्य, नांव हा साक्षीदार असतो. दंतकथा पुष्कळदां मागाहून नेमलेला वकील असते.

ह्या सर्वांहून जुना एक साक्षीदार आहे. मॅनहॅटन हें नांव ना डच, ना इंग्रजी. तें तेथील मूळच्या लेनापे लोकांच्या भाषेंतलें आहे. त्यांचें हें बेट डचांनीं ६० गिल्डर किमतीस घेतल्याची नोंद १६२६ सालच्या एका पत्रांत आहे. पुढें लेनापे पश्चिमेकडे लोटले गेले; त्यांचे वंशज आज ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन व कॅनडांतील ऑन्टॅरिओ येथें राहतात. नांव ज्या भूमीवर राहिलें, तेथें नांव ठेवणारे मात्र राहूं शकले नाहींत.

म्हणून एखाद्या गांवाच्या नांवाची रम्य कथा कानीं पडली, कीं दोन प्रश्न अवश्य विचारावे : ही कथा कोणीं सांगितली, आणि हिच्या आधीं येथें कोण राहत होतें?