बाळंतविडा : घरचे विणकाम आणि तान्ह्याची ऊब

(व्याख्यानाचा मजकूर)



बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव महाराष्ट्राच्या सीमेला अगदी लागून आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकींच्या वाटा मात्र या रेघेपाशी अडल्या नाहीत. लेक पलीकडे दिलेली असली तरी पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, आणि ती सासरी परतताना बाळंतविडा बरोबर जावा, हा रिवाज दोन्ही बाजूंस सारखाच मानला जातो. दुपटी, झबली, टोपडी, कुंची, पायमोजे, लहानशी गोधडी आणि पाळण्यावर टांगावयाचे चिमणाळे, असा हा सारा संसार. यांतील कोणती वस्तू हाताने व्हावी आणि ती कशी असावी, हा प्रश्न वरवर पाहता बायकांच्या फावल्या वेळेचा वाटेल. वस्तुतः तो तान्ह्याच्या जिवाशी निगडित आहे.

कोकणपट्टीत व गोमंतकात थंडी बेताची. तेथील घरांत क्रोशाच्या सुईवर सुती दोरा चढला व त्यातून झालरी, जाळ्या आणि टोपड्यांच्या कडा उतरल्या. वैनगंगेच्या भातखोऱ्यातील गोष्ट निराळी. धान खळ्यावर येण्याच्या सुमारास तेथे रात्री बोचऱ्या होऊ लागतात. विदर्भातील नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचे नाव पुष्कळदा पहिले असते. अशा रात्री जन्मलेल्या मुलासाठी लोकरीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

तथापि लोकरीचे विणकाम आपल्याकडे तसे अलीकडचे. त्याआधी होती ती गोधडी. कोठे तिला वाकळ म्हणतात, हिंदी मुलखात कथरी. नेसून नेसून मऊ झालेले सुती लुगडे घडी घालून पसरावे आणि कडेपासून आत धावदोरा घालीत जावे, एवढीच तिची कृती. तान्ह्यास नवे कापड घालू नये असे जुन्या बायका सांगत, त्यात व्यवहार होता. नव्या कापडाला खळ असते, कच्चा रंग असतो. शंभर वेळा धुतलेल्या लुगड्यात यांपैकी काही उरत नाही. दोन सुयांचे विणकाम आले ते प्रामुख्याने मिशनच्या आणि मुलींच्या शाळांतून. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनात (स्थापना १९०९) शिवणकाम आणि परिचारिकांचे शिक्षण या दोहोंस एकाच संस्थेत जागा मिळाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढे १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळी जवानांसाठी स्वेटर विणण्याची लाट देशभर उसळली आणि ज्या घरांत सुया नव्हत्या तेथेही त्या आल्या. जवानांचे स्वेटर संपले. सुया मात्र घरातच राहिल्या व नातवंडांच्या कामी लागल्या.

ऊब ही लाडाची बाब नव्हे, हे याच वैनगंगेच्या खोऱ्यात, राजेगावाहून बरेच खाली, गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध झाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातील स्त्रियांना शिकवून आरोग्यदूत केले. बाळाचे वजन पाहणे, जंतुदोष ओळखणे, अंगावर पाजण्यास मदत करणे आणि बाळ गार पडू न देणे ही त्यांची कामे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नवजात बालकांच्या मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट. २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या हाती हे काम देशभर आले. कमी वजनाच्या बाळास आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात, तेव्हा त्याच्या अंगावर लंगोट, टोपडे व मोजे एवढेच असतात. टीचभर टोपड्याची योग्यता यावरून कळावी. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने तेथून ऊब फार वेगाने जाते.

येथवर आजी व डॉक्टर यांचे एकमत. पुढे मात्र खटका उडतो. आजीने दोन महिने खपून लोकरीची शाल विणलेली असते आणि डॉक्टर सांगतात की, वर्षाच्या आतील बाळ निजलेले असता त्याच्याजवळ सैल पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणे ठेवू नये. नाकातोंडावर येऊन श्वास कोंडतो. आजी दुखावते. तिचे दुःख खरे आहे, आणि डॉक्टरांचे म्हणणेही. शहाणी आजी अशा वेळी सुया टाकून देत नाही. शालीऐवजी अंगाबरोबर बसणारा बाह्यांचा अंगरखा व मोजे विणते. शाल मांडीवरच्या जाग्या बाळासाठी आणि प्रवासासाठी राहते.

विणीचाही विचार अवश्य करावा. जाळीची वीण देखणी खरी, पण तिच्या भोकांत इवली बोटे अडकतात, आणि आतल्या बाजूचा सुटा धागा बोटाला आवळून बसला तर रक्त थांबते. सर्व ओळी सुलट टाक्यांच्या घातल्या तर शाल दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडा वळत नाहीत आणि नवशिक्या हातालाही ती साधते. टोपड्याला गळ्याखाली बांधावयाचे लांब बंद लावू नयेत.

धाग्याची गोष्ट याहून गंभीर. बाजारात लोकर म्हणून मिळणारा स्वस्त, झगझगीत धागा बहुधा ॲक्रिलिकचा असतो. तो धुण्यास सोपा. मात्र विस्तवाशी वितळतो आणि कातडीस चिकटतो. खरी लोकर सहसा पेट घेत नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवण्याची चाल जेथे आहे तेथे हा भेद जीवघेणा ठरू शकतो. (बंद खोलीतील कोळशाची शेगडी मुळातच विषारी वायूमुळे घातक आहे, ती चाल सोडलेली बरी.)

खेळण्यांविषयी थोडेसे. चिमणाळे कोणी शोधून काढले कोणास ठाऊक; शोध मात्र डोळस होता. नवजात अर्भकास जेमतेम वीत-सव्वा वीत अंतरावरचे स्पष्ट दिसते, तेही ठळक रंगांचे. लाल-काळे पोपट-चिमण्या पाळण्यावर हलू लागल्या की नजर तेथे ठरते. मूल हात उंचावून धरू लागले की चिमणाळे उतरवावे. हल्ली क्रोशाने भरीव हत्ती-ससे विणतात. जपानी लोक त्यास अमिगुरुमी म्हणतात. मुका खांब घट्ट घातला तर आतला कापूस बाहेर येत नाही. डोळ्यांच्या जागी मणी किंवा बटण न लावता दोऱ्याने भरतकाम करावे, कारण मुलाच्या हाती आलेली प्रत्येक वस्तू प्रथम तोंडात जाते.

मूल मोठे होते, शाल अपुरी पडते. गोधडी झिजली तर तिच्यावर आणखी एक लुगडे चढते. लोकर मात्र शेवटच्या टाक्यापासून उसवीत नेतात, लड करून धुतात, ओलीच वजन लावून टांगतात म्हणजे तिच्यातील वळ्या जातात. वाळली की पुन्हा गुंडा. धाकट्याच्या स्वेटरात थोरल्याची शाल असते, आणि काही घरांत तर ती कोणत्या रंगाची होती हे तीन पिढ्या सांगू शकतात.