राष्ट्रपती कसे निवडले जातात?

(विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. मुले विचारतात, राष्ट्रपतींना निवडतो कोण? आपले आईवडील तर त्यांच्यासाठी कधी मत द्यायला गेले नाहीत!

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना स्पष्ट केले की, राष्ट्रपती हे राष्ट्राचे प्रमुख. कारभार मात्र मंत्रिमंडळाचा. म्हणून त्यांची निवड निवडून आलेले खासदार आणि आमदार करतात. नेमलेल्या सदस्यांना इथे मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही.

आता हिशेब बघा. राज्याची १९७१ ची लोकसंख्या घ्यायची, तिला विधानसभेच्या निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे, पुन्हा हजाराने भागायचे. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी ४ लाख १२ हजार, आमदार २८८. उत्तर येते १७५. म्हणजे आपल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५. उत्तर प्रदेशात ते २०८, सिक्कीममध्ये ७. आपल्या जिल्ह्याचे आमदार नऊ, म्हणजे १,५७५ मते झाली. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराच्या मताचे मूल्य निघते. २०२२ साली ते ७०० होते.

आणि ध्यानात ठेवा, इथे मतदार नाही, माणूस मोजलाय. १९७१ साली पाळण्यात असलेले लेकरूसुद्धा त्या १७५ मध्ये आहे.

मतदान गुप्त असते. उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मूल्य मिळेल तो विजयी. पहिल्या पसंतीत कुणालाच तेवढे मिळाले नाही, तर सर्वात मागे असलेल्याला बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी असेच निवडून आले.

याच पद्धतीने १९९७ साली के. आर. नारायणन हे पहिले दलित राष्ट्रपती झाले, २००७ साली आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या आणि २०२२ साली द्रौपदी मुर्मू पहिल्या आदिवासी राष्ट्रपती झाल्या.

तेव्हा वडीलधाऱ्यांनाही विनंती आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्री कुणी पाचशेची नोट घेऊन दारात आला, तर एवढे आठवा: तुमच्या मताने आमदार होतो आणि त्या आमदाराच्या मताने राष्ट्रपती. आपण इथे मत विकले, तर ते थेट दिल्लीपर्यंत विकले जाते. आणि पोरांनो, अठरा वर्षे पूर्ण झाली की आधी यादीत नाव घाला.