तेरा वर्षांचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने या व्यासपीठावरून प्रेमावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आम्ही बोलणार आहोत ते एका राबणाऱ्या बाईविषयी. दीपा मेहता यांच्या १९९६ च्या 'फायर' चित्रपटातली ती राधा. भूमिका शबाना आझमींची.

दिल्लीतले एकत्र कुटुंब, घरचेच खाद्यपदार्थांचे दुकान. राधा चुलीपाशी खपते, अंथरुणाला खिळलेल्या सासूची घंटा वाजली की धावते. मूल होणार नाही असे ठरल्यावर नवऱ्याने एका स्वामींच्या नादाने तेरा वर्षे ब्रह्मचर्य पाळलेले. तो व्यसनी नाही, बाहेरख्याली नाही. अशा घरात धाकटी जाऊ सीता येते, आणि राधेने कधी मागितली नव्हती ती माया तिला या जावेपाशी मिळते.

डिसेंबर १९९८ मध्ये या चित्रपटावरून मुंबई-दिल्लीत थिएटरे फोडली गेली. नावांवरूनही रण माजले. हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली. आम्हांस मोलाचा वाटतो तो प्रसंग निराळाच. गुपित फुटते, सीता घर सोडते. राधाही त्याच पावली जाऊ शकली असती. ती मागे राहते, कारण तिला नवऱ्याला समोर उभे राहून सांगायचे असते.

पाच वर्षे सलग नोकरी झालेल्या कामगाराला कायद्याने ग्रॅच्युइटी मिळते. राधेच्या इतक्या वर्षांना ना मस्टर, ना पगार. तिचे देणे कोणी लागत असेल तर ते घर. तरीही हिशेब द्यायला थांबते तीच!

पुढे तिच्या पदराला आग लागते आणि नवरा आईला उचलून बाहेर पडतो. इथे दिग्दर्शिकेने राधेची वाट जरा सोपी केली, असे आमचे मत. नवरा भला निघाला असता तर? तेव्हाची ओढाताण पाहायला आम्हांस अधिक आवडले असते, कारण पुष्कळ घरांत नवरा नुसता सवयीचा असतो, दुष्ट नव्हे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास मात्र नकार दिला. म्हणजे नवऱ्याचे घर सोडणारीने कोणत्या कागदावर उभे राहायचे?

शेवटी राधा निजामुद्दीनच्या दर्ग्यात सीतेला भेटते. दोघींना स्वयंपाक येतो, दुकान चालवता येते. त्यांना खोली कोण भाड्याने देईल, ते चित्रपट सांगत नाही.