शेण थोडं, पाला पुष्कळ

आज कळमन्याच्या बाजारावरून आलो. कोबीची पानं, नासकी संत्री, नुसते ढीग. आणि इथं मंडपाजवळ पोचतो तर बागेतला सगळा पाला गोळा करून कोणी पेटवून दिलेला. धूर घशात गेला, म्हणून अभंग घडीभर बाजूला ठेवतो. मी विचारलं, भाऊ, का जाळता? म्हणे, "महाराज, खत कशानं करू? गाई कुठं राहिल्या?"

हेच मीही म्हणत होतो. बैलजोडी विकली, दावणीला एकच गाय उरली. वाटलं, आता शेताला खत संपलं. तेव्हा पुसदच्या नाडेप काकांची रीत कानावर आली. नारायणाचा ना, वडिलांच्या नावाचा दे, पांढरीपांड्यांचा प. विटांचं टाकं: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीला जागोजागी भोकं, आतल्या जीवांना हवा पाहिजे ना! खाली सहा इंच पाला, त्यावर शेणाचा पातळ काला, त्यावर चाळलेली माती. पुन्हा पाला. असे थर वरपर्यंत, एक-दोन दिवसांत भरून टाकायचे आणि शेणमातीनं लिंपायचे. काडीकचरा १४०० ते १५०० किलो. आणि शेण? फक्त ९० ते १०० किलो! माय, पातेलंभर दुधाला विरजण किती लावता? चमचाभरच ना?

पण माझी फजिती ऐका. पहिलं टाकं भरलं आणि मी निघालो कीर्तनाला. चार महिन्यांनी उकरलं तर पाला जसाच्या तसा, तुराट्या तर खडखडीत. आमची मंडळी म्हणाली, "अहो, पाणी कोणी घालायचं? तुमचं कोरडं कीर्तन ऐकून पाला भिजतो काय?"

खरं होतं. भरतानाच दीड-दोन हजार लिटर पाणी लागतं. पुढंही भेगा बुजवाव्या लागतात, शिंपडावं लागतं. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, मग वरून परत भरायचा. दुसऱ्या खेपेला तिनंच पाणी सांभाळलं. साडेतीन महिन्यांत काळंभोर खत निघालं, शेणाचा वाससुद्धा नाही.

आमचे वडील उकिरडा उघडाच ठेवत. अर्धं सत्त्व उन्हात जाई, उरलेलं पावसात.

तर भाऊ, तुम्ही समोरच बसलात, लाजू नका. उरलेला पाला विझवून ठेवा, प्लास्टिक वेचून काढा. शेजारच्या गोठ्यातून शेण मागा, दोन टोपल्या मिळाल्या तर तेवढ्यापुरताच ढीग लावू. उद्या काकड्यानंतर मी येतो.

हं, घ्या टाळ. अभंग कुठं राहिला होता?