जुना संगणक आणि नवी चित्रफीत



सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून त्यांना ध्वनिफिती व चित्रफिती जोडल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले, आणि २०२० साली डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. याचा अभिमान सर्वांनाच आहे. परंतु कोडामागील चित्रफीत ज्या यंत्रावर उघडावयाची ते यंत्र किती जुने आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकावर उच्च दर्जाची फीत लावली की आवाज पुढे जातो, चित्र मागे अडखळते, आणि निदान ठरलेलेच असते: यंत्र म्हातारे झाले, नवे घ्या. हे निदान पुष्कळदा चुकीचे असते.

हिशेब मांडून पाहावा. अशा फितीतील एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस तीन बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट होतात. प्रत्यक्षात फीत येते ती सेकंदाला एखाद्या मेगाबाइटची, कित्येकदा त्याहूनही कमी. अधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवावयाचे आणि मधल्या चित्रांत कोणता तुकडा कोठे सरकला तेवढेच नोंदवावयाचे, अशी ही रीत आहे. मूळ चित्र पुन्हा उभे करण्याचे कष्ट पाहणाऱ्याच्या यंत्राचे.

सोलापूरकरांस हे नवे वाटू नये. चादरीची नक्षी जकार्डाच्या भोके पाडलेल्या पत्त्यांत साठविलेली असते. पत्ते हलके, धागे उचलण्याचे श्रम मागाचे. मोठ्या जकार्डासाठी पाडलेले पत्ते लहान जकार्डावर चालत नाहीत, म्हणून कोणी माग भंगारात काढीत नाही. नक्षी मागाच्या बेताने पुन्हा बसविली जाते.

संगणकाच्या बाबतीत मात्र उलटे चालले आहे. एच.२६४ ही रीत २००३ सालची, आणि ती उलगडण्याची खास सोय अनेक जुन्या संगणकांच्या ग्राफिक्स चिपमध्ये आहे. २०१३ मध्ये एच.२६५ आणि २०१८ मध्ये एव्ही१ आली. तोच दर्जा कमी जागेत मिळू लागला, परंतु उलगडण्याचे श्रम वाढले. जुन्या चिपला या रीती ठाऊकच नसल्याने सारा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. यात वितरकाचा साठवणुकीचा आणि वहनाचा खर्च वाचतो. मोबाइलचा डाटा मोजून वापरणाऱ्या विद्यार्थ्याचेही थोडे वाचते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण विडी वळणाऱ्या आईने मुलीसाठी जुना संगणक घेतला असेल, तर या काटकसरीची किंमत त्या घराने मोजावयाची, आणि निर्णयात त्या घराला कोणी विचारलेले नसते.

उपाय आहेत, आणि ते फुकटचे आहेत. आधी पडदा पाहावा. जुन्या लॅपटॉपचा पडदा बहुधा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा असतो, म्हणजे जेमतेम साडेदहा लाख. वीस लाख बिंदू उलगडावयाचे आणि निम्मे टाकून द्यावयाचे, हा कोणता शहाणपणा? ७२० ओळींच्या फितीत सव्वानऊ लाख बिंदू असतात आणि त्या पडद्यावर ती पुरेशी स्वच्छ दिसते. ब्राउझरमध्ये पाहण्याऐवजी, परवानगी असेल तेथे, फीत उतरवून घेऊन व्हीएलसीसारख्या मुक्त प्लेअरमध्ये लावावी. त्यात ग्राफिक्स चिपची मदत घेण्याची सोय आहे. चौकोनी तुकड्यांच्या कडा गुळगुळीत करण्याचा टप्पा गाळण्याचीही आहे. चित्र किंचित खडबडीत होते, पण पुष्कळ श्रम वाचतात. सर्वांत चांगले म्हणजे, एका वेगवान यंत्रावर हँडब्रेक हा मुक्त प्रोग्राम लावून रातोरात ती फीत ७२० ओळींच्या एच.२६४ मध्ये उतरवावी. शाळेतील बहुतेक संगणकांवर मग ती सुरळीत चालते. अगदी जुन्या, एकाच गाभ्याच्या प्रोसेसरवर हेही अपुरे पडेल, तेथे ४८० ओळींवर समाधान मानावे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल संपली, आणि विंडोज ११ च्या अटींत २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर बसत नाहीत. त्यामुळे चालते संगणक भंगारात काढण्याचा सल्ला आता अधिकच जोराने दिला जाईल. अशा यंत्रांवर लिनक्स बसते, व्हीएलसीही चालते. मात्र सार्वजनिक पैशातून तयार होणाऱ्या प्रत्येक शैक्षणिक फितीची हलकी प्रतही दिली जावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी शिक्षण विभागाकडे केली पाहिजे. अर्जात माप आणि रीत दोन्ही स्पष्ट लिहावी: ७२० ओळी, एच.२६४. नुसते ‘हलकी फीत द्यावी’ असे लिहिल्यास तीच १०८० ओळींची फीत एच.२६५ मध्ये दाबून, आकार कमी केला म्हणून, परत पाठविली जाईल.